छत्तीस गुण

आजी गेली तेव्हा तिच्या जात्यावरच्या ओव्यांपैकी अवघ्या अकरा माझ्या मोबाइलमध्ये उरल्या. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव; इथे जात्यापाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या जनाबाईला आपली मैत्रीणच समजत. आजीही समजत असे. हे चित्रण घरच्या संगणकावर लावले की मात्र विपरीत घडे. आवाज पुढे जाई आणि ओठ मागून हलत. जिला गाताना कधी अडखळलेले पाहिले नाही, ती पडद्यावर अडखळू लागली. मला ते बघवेना.

संगणक मामांनी एका बंद पडलेल्या टायपिंगच्या वर्गातून आणलेला. मदरबोर्ड जी४१ चिपसेटचा, म्हणजे इंटेलने २००८ साली आणलेल्या जातीचा. मोबाइलवरचे चित्रण उलगडणे त्याच्या अंगच्या ग्राफिक्सला जमत नाही. सगळे ओझे प्रोसेसरवर पडते. ग्राफिक्स कार्ड बसवले की ते ओझे कार्ड उचलील, एवढे मला कळले आणि मी अण्णांच्या मागे लागलो. सोयाबीनची पट्टी नुकतीच आली होती. त्यांनी तीन हजार मोजून दिले, एक अक्षर न बोलता. (न बोलणे हेच अण्णांचे बोलणे.)

मी काही पाहिलेच नाही असे नाही. पीसीआय एक्स्प्रेसची लांब खाच आहे, याची खात्री केली. त्या खाचेत नवे कार्डही चालते, वेग तेवढा जुन्याचा मिळतो, हे वाचले. खाचेतून ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. जास्त लागली तर एसएमपीएसमधून वेगळी सहा पिनांची तार हवी. ती आमच्याकडे नव्हती, म्हणून कमी विजेचे कार्ड निवडले. ताईच्या शिवणाच्या टेपने डब्याची आतली लांबीसुद्धा मोजली. छत्तीस गुण जुळले!

कार्ड बसले. पंखा फिरला. पडदा काळाच.

दुकानदार म्हणाला, विकलेला माल परत नाही. रात्री जेवताना अण्णांनी एवढेच विचारले, "बैल घेताना दात बघतोत, चालवून बघतोत. तू काय बघितलंस?" घास घशातच अडकला.

दुसऱ्या दिवशी डबा पोत्यात गुंडाळून मी परभणीची गाडी पकडली. तिथल्या एका दुरुस्तीवाल्याने कार्ड काढले, संगणक तसाच सुरू केला आणि पहिल्याच पडद्यावर बोट ठेवले : बायोस, साल २००९. हा बायोस जुन्या पद्धतीचा. पुढे यूईएफआय ही नवी पद्धत आली, आणि अलीकडची काही कार्डे तेवढीच जाणतात. खाच तीच, वीज पुरेशी; पण सुरू होताना दोघांना एकमेकांचे बोलणेच कळत नव्हते. मी डबा मोजला, तार शोधली. बायोसची तारीख मात्र पाहिली नव्हती.

त्याने फळीवरून वापरलेले जीटी ७१० काढले. अवघ्या १९ वॅटचे. माझे नवे कार्ड ठेवून घेऊन ते दिले, वर तीनशे रुपये परत केले. सौदा तोट्याचाच; पण "आधी लावून बघ, मग ने," असे म्हणणारा मला तोच पहिला भेटला.

घरी आल्यावर चित्रण लावले. अण्णा दारातच उभे राहिले. आवाज आणि ओठ बरोबर चालले होते. अकराव्या ओवीनंतर आजी जाते थांबवते, मोबाइलकडे बघते आणि विचारते, "झालं का रं?"

अण्णा म्हणाले, "परत लाव."