संपण्यासाठीच घडवलेले दागिने

चि. ठकूस,

तुझा निरोप आणि संक्रांतीच्या त्या दागिन्यांचा फोटो ताईने, म्हणजे तुझ्या आईने, दाखवला. बाळीच्या पहिल्या बोरन्हाणाची तुझी लगबग पाहून फार बरं वाटलं. पण फोटोखाली तू लिहिलंयस, ‘मावशी, हा संच पुसून ठेवता येतो, पाच वर्षं सहज चालेल. मुकुट कुठल्या मापाचा मागवू?’ ते वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. फोनवर तू ‘हो गं, हो गं’ करत विषय संपवतेस, म्हणून हे पत्र. मापाचं सांगतेच, पण आधी बाकीचं ऐकून घे.

फोटोतले पांढरे मणी हलव्याचे नाहीत. ते फोमचे आहेत, अधूनमधून प्लास्टिकचे मोती आणि कडेला सोनेरी पट्टी. दिसायला देखणे आहेत, नाही म्हणत नाही. पण हलव्याचा दागिना म्हणजे साखरेचा दागिना. पांढरा हलवा काळ्यावर खुलतो. म्हणून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसवून नथ, बिंदी, चिंचपेटी, बाजूबंद, कंबरपट्टा असा सगळा साज हलव्याचा घालतात. जावयाच्या हातात हलव्याने मढवलेला नारळ देतात. बाळाला काळं झबलं, डोक्यावर मुकुट आणि हातात बासरी. आणि हळदीकुंकू आटोपलं की घरातली पोरं तेच दागिने मोडून खातात. सुनेने बाजूबंद सोडेपर्यंत धाकट्या दिराने बिंदी फस्त केलेली असते. आपल्या वाड्यात तर कंबरपट्ट्यावरून काय रामायण झालं होतं, ते ताईला विचार. खाऊन संपणं हे त्या दागिन्याचं भाग्यच आहे. पाच वर्षं टिकणारा हलव्याचा दागिना मला कल्पनेतही सहन होत नाही.

तू म्हणशील, हलवा करत कोण बसणार? प्रश्न रास्त आहे. पांढरे तीळ किंवा साबुदाणा, खसखस, वरई, लवंग यांतलं काहीही आधी हलकं भाजून घ्यायचं. साखरेच्या पाकात थोडं दूध घालून वर आलेली मळी काढायची, पाक गाळून घ्यायचा. तो एकतारीच्या आसपासच हवा. मग मंद निखाऱ्यावर परात, परातीत तीळ, आणि चमचा-चमचा पाक सोडत बोटांनी हलकेच फिरवत राहायचं. एक चमचा पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. आच वाढली की साखरेची भुकटी होते, हात जोरात फिरला की आलेला काटा मोडतो. असं रोज थोडं थोडं, तीनचार दिवस. दाण्यावर जिथे आधी साखर धरते, तिथेच पुढचा थेंब जास्त धरतो, आणि हळूहळू काटा फुलतो. हवा कोरडी आणि थंड असली की काटा चांगला येतो. म्हणून जुन्या बायका पहाटेच शेगडी पेटवायच्या. वाड्यातल्या काकूंच्या बोटांची टोकं त्या दिवसांत कशी व्हायची, ते आठवतंय ना? तरी परात दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत.

ठाण्याच्या दमट हवेत, दहा महिन्यांचं मूल कडेवर घेऊन तू हे करावंस असं मी म्हणणार नाही. हलवा खुशाल विकत आण. पुण्यामुंबईत आजही कितीतरी बायका घरी हलवा करून विकतात, त्यांच्या चटक्यांचं मोल त्यांना मिळालंच पाहिजे. दागिने मात्र घरी कर.

त्याला लागतं तरी काय? लग्नपत्रिकांचा जाड, सोनेरी कागद घरात पडलेला असतोच. मुकुट, बाजूबंद, कर्णफुलं यांचे आकार त्यातून कापायचे. मैद्याची खळ घट्ट शिजवायची, कागदावर पातळ थर द्यायचा आणि तो जरा ओढला की मग हलवा एकेक करून बसवायचा. ओल्या खळीवर घाईने बसवलास तर साखर विरघळून डाग पडेल. हार करायचा तर सुईने दाणा टोचू नकोस, तो फुटतो. दुहेरी दोरा घ्यायचा, दोन पदरांच्या मध्ये दाणा धरायचा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारायची. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. साबुदाण्याचा टपोरा हलवा यासाठी चांगला. मधूनमधून एखादी केशरी रंगाची लवंग घाल, नथीला तर ती हवीच. झालेले दागिने कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, नाहीतर रात्रीतून मुंग्या येतील.

हे सगळं ताई, तू आणि तुझ्या सासूबाई दोन दुपारी बसलात तर होऊन जाईल. आणि शेजारची ती दोन मुलं, जी दिवसभर मोबाइल घेऊन सोफ्यावर असतात, त्यांना गाठी मारायला बसव. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोऱ्याची साधी गाठ मारता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहते आहे आणि मला त्याची खरोखर काळजी वाटते. बोटांना सवय लागते ती याच वयात.

ठकू, माझं मुख्य म्हणणं वेगळंच आहे. आपल्या सणांच्या वस्तू पाहा. रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते. आंब्याच्या पानांचं तोरण सुकतं. नरकचतुर्दशीचं कारीट पायाखाली फुटतं. हरतालिकेची वाळूची पिंड विसर्जित होते, शाडूचा गणपती पाण्यात विरघळतो. मुलांनी अळीव-मोहरी पेरून हिरवा केलेला किल्ला दिवाळीनंतर तीच मुलं पाडतात. गुढीला बांधलेली साखरेची गाठी संध्याकाळी पोरांच्या हातात येते. कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील एखाद्या पावसाच्या सरीत जातो. यातली एकही वस्तू पुढच्या वर्षासाठी केलेली नाही. ती संपते, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते. पुन्हा करावी लागते, म्हणून कुणीतरी कुणालातरी शिकवतं. काकूंनी ताईला, ताईने तुला कामट्या बांधायला शिकवल्या त्या आधीचा कंदील फाटला म्हणूनच. प्लास्टिकचा कंदील माळ्यावरून काढून खिळ्याला अडकवायला काही शिकावं लागत नाही. पाच वर्षं टिकणाऱ्या संचाने तुझे पैसे वाचतील, पण पाच संक्रांती तुझ्या घरात कुणी हलव्याला दोरा बांधणार नाही. मग सहाव्या वर्षी बाळीला तो शिकवणार कोण?

ही एकट्या मावशीची हळहळ नव्हे. महाराष्ट्रात 2018 च्या मार्चमध्ये थर्माकोलवर आणि अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. पुढे 1 जुलै 2022 पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्यांत सजावटीचा थर्माकोलही होता. गणपतीच्या मखरासाठी मग लोकांना पुठ्ठा, कापड, बांबू, कागद आठवले. आपले आजोबा जे वापरत होते तेच. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीआधी हाताने केलेले कागदी कंदील अजून टांगलेले दिसतात. पुण्याच्या बोहरी आळीत पुठ्ठा, रंगीत कागद, लेस, दोरे काय हवं ते मिळतं. सामान आहे, करणारी माणसंही आहेत. फक्त करायला बसायचं आपण सोडत चाललो आहोत.

वाणाचंही तसंच. मागच्या वर्षी तुझ्याकडे हळदीकुंकवाला प्लास्टिकचे डबे लुटले, ते आता कुठे आहेत? ताईच्या जुन्या सुती साड्यांच्या नाडीच्या पिशव्या शिव. भाजी आणायला, डाळ ठेवायला बायका त्या वापरतील. आणि जानेवारीत जुनं ‘कालनिर्णय’ भिंतीवरून उतरलेलंच असतं; 1973 पासून ते मराठी घरांत आहे आणि त्याचा कागद वाया घालवायची आपल्याला कधीच सवय नव्हती. त्याच्या पुड्या वळ, आत कोरा कागद घाल म्हणजे छपाईची शाई तिळगुळाला लागणार नाही, आणि त्यात तिळगूळ भरून दे.

आता बाळीचं. हे लिहिताना मात्र हात थोडा जड झाला आहे, तेव्हा नीट वाच.

फोटोतल्या मुकुटात एक लुकलुकणारा दिवा दिसतो. अशा दिव्यात बहुधा बटणासारखा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजू शकतं. तो मुकुट घरात आणूच नकोस. फोमचे आणि मोत्यांचे मणी गळून पडतात, आणि या वयाचं मूल हाताला लागेल ते आधी तोंडात घालतं. फोम पोटात विरघळत नाही, श्वासनलिकेत गेला तर तिथेच बसतो.

खऱ्या हलव्यातही जपायला हवं. बाळीसाठी फक्त तिळाचा बारीक हलवा वापर. साबुदाण्याचा आणि लवंगेचा मोठ्यांच्या दागिन्यांना ठेव. तिच्या गळ्यात दोरा बांधायचा नाही. हार झबल्यालाच कच्च्या टाक्यांनी अडकव, फोटो झाले की झबलं बदल. टाचणी नको, स्टेपलची पिन नको. मुकुटाला मागे मऊ सुती पट्टी लाव आणि ती ओढताच सुटेल अशी सैल गाठ मार. हलवा तिला चाटवायचा हट्ट कुणी धरला तर माझं नाव सांग. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना वरून साखर नको, असं बालरोगतज्ज्ञच सांगतात.

बोरन्हाण म्हणून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या ओतायची आपली पद्धत आहे. ती मोडू नकोस, पण बदल. शेंगदाणा आणि बोराची बी लहान मुलांच्या घशात अडकण्याच्या तक्रारी डॉक्टरांना नव्या नाहीत. बाळीच्या डोक्यावरून फुलांच्या पाकळ्या घाल. तिला उचलून आत नेलं की मग बोरं, ऊस, शेंगा चटईवर ओत आणि मोठ्या मुलांना लुटू दे. नंतर खोली झाडून काढायचं काम स्वतः कर, दुसऱ्यावर सोडू नकोस. सोफ्याखाली राहिलेला एक शेंगदाणा तिला आठवड्याने सापडेल, आणि तेव्हा कुणाचंच लक्ष नसेल.

मुकुटाचं माप राहिलं. दहा-बारा महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 45 सेंटिमीटरच्या आसपास असतो. पण तू टेप लावूनच मोज, भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या सगळ्यात फुगीर भागावरून पूर्ण फिरवून. कागदाची पट्टी त्यापेक्षा आखूड काप आणि उरलेली जागा सुती पट्टीने भर, म्हणजे कडा कानाला लागणार नाही.

घाई करू नकोस. बोरन्हाण संक्रांतीलाच झालं पाहिजे असं नाही, रथसप्तमीपर्यंत कुठल्याही दिवशी चालतं. तेवढ्या दिवसांत सगळं सहज होईल. तो संच मागवला असशील तर आजच परत पाठव आणि ताईला दोन दिवस तुझ्याकडे राहायला बोलाव. लग्नपत्रिकांचा गठ्ठा मी तिच्याबरोबर देते.

तुझी,
मावशी