तीन चाकांवरची पंचवटी

वाचकहो, आज लेखाच्या आरंभीच आपल्याला एक साधा प्रश्न विचारते. आपल्या घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती दवाखाना, रक्ततपासणी आणि टाळता न येणारी लग्नकार्ये सोडून, निव्वळ मौजेखातर शेवटची कधी घराबाहेर पडली होती?

गेली पंचवीसहून अधिक वर्षे मी नाशिकमध्ये वैद्यकीय व्यवसाय करीत आहे. रक्तदाब, साखर, झोप, भूक यांच्या चौकशीला मी अलीकडे या प्रश्नाची जोड दिली आहे. बहुतेकांचे पहिले उत्तर ठरलेले असते : "आता कसले फिरणे, डॉक्टर! गुडघे साथ देत नाहीत." थोडा वेळ बोलत राहिले, की दुसरे उत्तर बाहेर येते : "मुलांना रजा काढावी लागते, त्यांना कशाला त्रास?" आणि सोबतचे नातेवाईक जरा बाजूला झाले, की अगदी हलक्या आवाजात तिसरे : "मध्येच लघवीला लागली तर कुठे जायचे?" हे तिसरे कारण किती वृद्धांना वर्षानुवर्षे घरात बसवून ठेवते, याची कल्पना घरच्यांनाही नसते.

मागच्या वर्षी सत्तरी ओलांडलेले एक दांपत्य मुलाकडे युरोपात जाऊन आले. त्या मुक्कामात त्यांनी पोर्तुगालची राजधानी लिस्बन पाहिली. हे शहर टेकड्यांवर वसलेले. १७५५ च्या प्रलयंकारी भूकंपातून बऱ्याच अंशी बचावलेली तिथली आल्फामा ही जुनी वस्ती म्हणजे चढउतार, पायऱ्या आणि अरुंद बोळ यांचे जाळेच. दोन्ही गुडघे झिजलेल्या आजोबांनी ती वस्ती पाहिली, ती विजेवर चालणाऱ्या छोट्या तीनचाकी गाडीतून. टेकडीवरच्या मोकळ्या जागी थांबायचे, खाली पसरलेली लाल कौले आणि नदी पाहायची, अंड्याच्या पिवळ्या बलकाची गोड, भाजलेली छोटी पेस्ट्री खायची आणि पुन्हा गाडीत बसायचे. हे सारे मोठ्या हौसेने सांगून झाल्यावर आजी सहज म्हणाल्या, "गंमत बघा, लिस्बन पाहून झाले, पण पंचवटीत पाऊल टाकून आम्हांला चार वर्षे झाली."

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. कारण तशीच स्थिती माझ्या घरी होती.

माझ्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. लग्न होऊन त्या पंचवटीतल्या वाड्यात आल्या आणि त्यांचे अर्धे आयुष्य तिथेच गेले. पुढे आम्ही गंगापूर रोडला सदनिकेत राहायला आलो. दीड वर्षापूर्वी त्यांचे खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, व्यायामही झाले. वॉकर सुटून हातात काठी आली. मात्र खोली, दिवाणखाना आणि गॅलरी यांपलीकडे त्या जाईनात. पुन्हा पडण्याची भीती हाडापेक्षा उशिरा बरी होते, हे मी रुग्णांना नेहमी सांगते. इथे ती भीती त्यांच्यापेक्षा आम्हांलाच अधिक होती.

एके दिवशी जेवताना त्या म्हणाल्या, "एकदा रामकुंड पाहायचे आहे." त्या 'एकदा'मधला अर्थ आम्हा सर्वांना कळला आणि पानावर शांतता पसरली. माझे यजमान म्हणाले, "आई, तिथे किती गर्दी, किती उतार! पडलीस तर?" त्यांचे म्हणणे वावगे नव्हते. या वयात खुब्याचे हाड मोडलेल्यांपैकी अनेकजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत, आणि पुन्हा अस्थिभंग झाला तर सावरणे आणखी अवघड असते. त्याच वेळी बसून राहण्याचे परिणामही मी रोज पाहते : मांड्यांचे स्नायू वितळत जातात, तोल ढळतो, भूक मरते, रात्रीची झोप दिवसा सरकते आणि मन कोमेजते. एका पारड्यात पडण्याचा धोका आणि दुसऱ्या पारड्यात न उठण्याचा. डॉक्टर म्हणून दोन्ही वजने मला ठाऊक होती. सून म्हणून निर्णय घेववत नव्हता.

तो सासूबाईंनीच घेतला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी पडले कुठे होते रे? रामकुंडावर की आपल्या न्हाणीघरात?"

यावर कोणापाशीही उत्तर नव्हते.

गाडी पंचवटीच्या गल्ल्यांत शिरणे कठीण आणि पायी फिरणे अशक्य; तेव्हा लिस्बनची युक्ती आम्ही घरी वापरायचे ठरवले. बॅटरीवर चालणारी ई-रिक्षा आता आपल्याकडे अपरिचित राहिलेली नाही. माथेरानसारख्या ठिकाणी तर तिचे मोल विशेष कळते. तिथे मोटारींना बंदी असल्याने म्हातारी माणसे, आजारी व्यक्ती आणि शाळकरी मुले यांना पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढायच्या हातरिक्षेतून जावे लागे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने तिथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षेची प्रथा सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला. वृद्धाचा प्रवास सुकर व्हावा आणि तो दुसऱ्या माणसाच्या छातीवर भार टाकून होऊ नये, अशा दोन्ही गोष्टी या छोट्या वाहनाने साधल्या.

आम्ही जानेवारीतला एक साधा वार निवडला. एकादशी, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या टाळल्या. नाशिकची पहाटेची थंडी ओसरू दिली आणि नऊच्या सुमारास पंचवटी कारंजापाशी रिक्षा ठरवली. रिक्षावाले दादा समंजस होते. "आजी, घाई नाही. तुम्ही हूं म्हटल्याशिवाय हलणार नाही," असे त्यांनी सांगितले आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण निम्मा उतरला.

प्रथम काळाराम मंदिर. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी काळ्या पाषाणात उभारलेले हे देऊळ सासूबाईंच्या रोजच्या जाण्यायेण्यातले. एका बाजूने काठी, दुसऱ्या बाजूने मुलाचा दंड धरून त्या आत गेल्या. बाहेर आल्यावर सावलीत बसून त्यांनी नातीला २ मार्च १९३० ची हकिकत सांगितली. याच देवळाच्या दारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढे काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांचे नाव त्यांनी आठवणीने घेतले. दीड वर्ष जिच्याशी आम्ही केवळ गोळ्यांच्या वेळांविषयी बोलत होतो, ती बाई पुन्हा एकदा काही शिकवत होती.

सीतागुंफेत मात्र आम्ही त्यांना जाऊ दिले नाही. आतला मार्ग इतका अरुंद आणि ठेंगणा, की वाकून, बसून सरकावे लागते. त्यांनीही हट्ट केला नाही. बाहेरच्या वडांच्या सावलीतूनच नमस्कार केला.

रामकुंडावर खरी कसोटी लागली. रिक्षातून दुतोंड्या मारुती दिसताच त्या १९६९ च्या महापुराविषयी बोलू लागल्या. गोदावरीला पूर आला, की पाणी मारुतीच्या कुठवर चढले यावरून नाशिककर पुराचे माप काढतात. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा. वसईचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला, त्या विजयाची ही खूण. लिस्बनहून निघालेल्या पोर्तुगीजांची घंटा आमच्या गोदाकाठी लटकते आहे, याची मला त्या दिवशी नव्याने मौज वाटली. सासूबाईंना मात्र खाली उतरून पाण्याला हात लावायचा होता. घाटाच्या पायऱ्या ओल्या आणि शेवाळलेल्या होत्या. मुलगा नको म्हणाला. मीही नको म्हणाले. त्या गप्प झाल्या. नातीने खाली जाऊन तांब्यात पाणी आणले. ते त्यांनी डोळ्यांना लावले आणि एवढेच म्हणाल्या, "हात लावणे वेगळे असते." त्यांची नाराजी खरी होती आणि आमचा नकारही योग्य होता. काळजी घेणाऱ्यांना अशी दोन सत्ये एकाच वेळी सांभाळावी लागतात.

मग खाणे. नाशिकला येऊन मिसळ खायची नाही, हे कसे शक्य? आम्ही चौघांत दोन मिसळी मागवल्या. सासूबाईंसाठी मटकी, बेताचे फरसाण, भरपूर दही आणि वर दोनच चमचे रस्सा. पापड त्यांनी स्वतःहून नातीला दिला. त्यानंतर गरम जिलबीचे एक वेढे. त्यांना सौम्य मधुमेह आहे. त्या दिवशी दुपारच्या जेवणात भात वगळला आणि तो हिशेब जुळवला. निघताना चिवड्याचे पाकीट घेतले, कारण चिवडा न घेता परतलेला पाहुणा नाशिकला आला होता हे कोणी मानत नाही.

आता प्रामाणिकपणे परिणाम सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांचे अंग दुखले आणि त्या दुपारभर झोपल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली दोन फेऱ्या मारू. तपोवनात गेल्यावर चालता यायला हवे." औषधांच्या यादीत मला जे लिहून देता आले नव्हते, ते कारण त्यांना सापडले होते.

आपणही असा बेत आखणार असाल, तर अनुभवातून आणि वैद्यकशास्त्रातून आलेल्या काही सूचना ध्यानी ठेवाव्यात.

वाहनाविषयी : नियमानुसार ई-रिक्षात चालकाखेरीज चारच प्रवासी बसू शकतात आणि तिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर असतो. पाच-सहाजण कोंबू नका. वृद्ध व्यक्तीला पुढे तोंड असलेल्या आसनावर, आतल्या बाजूस बसवावे. उलट्या दिशेच्या आसनावर मळमळते. मणक्याची हाडे ठिसूळ असतील तर धक्का बसण्याची भीती मोठी; खड्ड्यांचा रस्ता टाळण्यास चालकाला आधीच सांगावे आणि कमरेमागे उशी द्यावी. चढताना व उतरताना रिक्षा पूर्ण थांबलेली असावी. साडीचा काठ, ओढणी आणि उपरणे चाकाकडे लोंबू देऊ नये.

लघवीविषयी : निघण्यापूर्वी जाऊन यावे आणि वाटेतील स्वच्छतागृहे आदल्या दिवशी पाहून ठेवावीत. गरज भासल्यास डायपर वापरण्यात लाज नाही. या भीतीपोटी पाणी पिणे मात्र थांबवू नये. वयोमानाने तहान कमी जाणवते. त्यामुळे शरीर कोरडे पडून चक्कर येऊ शकते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या दिवशी त्यांची वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी चुकवू नये.

खाण्याविषयी : इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतली आणि खाणे लांबले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम, थरथर, गोंधळलेले बोलणे ही तिची लक्षणे. खिशात ग्लुकोज किंवा साखर असावीच. जिलबी खायची म्हणून जादा गोळी घेणे हा तर सरळ धोका. रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास मिसळीतील मीठ आणि तेलाचा तवंग यांचे भान ठेवावे. पक्षाघात किंवा कंपवात झालेल्यांना गिळण्यास त्रास होतो. अशांना कोरडा चिवडा, शेंगदाणे देऊ नयेत, आणि चालत्या रिक्षात तर कोणालाच काही भरवू नये. पोटभर खाल्ल्यावर वृद्धांचा रक्तदाब काही काळ उतरतो, म्हणून जेवणानंतर लगेच उठू नये; दहा-पंधरा मिनिटे बसून, मग आधाराने सावकाश उभे राहावे.

सोबत औषधांची यादी, डॉक्टरांचा व घरचा दूरध्वनी क्रमांक आणि पाण्याची बाटली असावी. छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही झाले, तर सहल तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे. आणि बेत दोन-अडीच तासांचाच असावा. पाच ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा दोन ठिकाणी निवांत बसणे अधिक सुखाचे.

सर्वांत महत्त्वाचे : कुठे जायचे, हे त्यांना ठरवू द्या. आपल्या मते पाहण्याजोगे स्थळ आणि त्यांच्या मनात घर करून राहिलेले स्थळ यांत अंतर असते. कोणाला देऊळ हवे असेल, कोणाला जुनी शाळा, कोणाला सराफ बाजारातली एखादी पेढी, तर कोणाला फक्त नदी.

घरोघरी दिनदर्शिकेवर रक्ततपासणीची तारीख आणि डॉक्टरांची पुढची भेट लाल शाईने लिहिलेली असते. या महिन्यात त्याच पानावर आणखी एक तारीख लिहा, आणि ती लिहिण्यासाठी पेन घरातल्या सर्वांत ज्येष्ठ हातात द्या.