आमची तीन पायांची मनी

शाळेच्या वार्षिकांत मांजराविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस हंसूं येईल, हें आम्ही जाणून आहों. परंतु गेल्या वर्षीं ह्या मुक्या प्राण्याच्या सहवासांत आम्हांस जें शिकावयास मिळालें, तें कोणत्याहि पाठ्यपुस्तकांत आढळलें नव्हतें. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर विष्णुपुरीस, गोदावरीच्या बंधाऱ्यापासून जवळच आहे. आमची मनी तीन वर्षांची, अंगानें करडी व पोटाखालीं पांढरी. गेल्या श्रावणांत एके दिवशीं संध्याकाळीं पाऊस आला म्हणून आम्ही धांवत घरीं आलों आणि अंगणाचें चाकांवर सरकणारें लोखंडी फाटक मागें न पाहतां जोरानें लोटून दिलें. मनी नेहमींप्रमाणें आमच्या पाठोपाठ येत होती. तिची किंकाळी ऐकून वळून पाहतों तों तिचा डावा मागचा पाय फाटक व खांब ह्यांच्यामध्यें चेंगरलेला!

घरच्यांनीं विचारलें तेव्हां "कुत्र्यानें धरली असावी," असें आम्हीं सांगितलें. तें खोटें जिभेवर इतक्या सहज आलें कीं, पुढें त्याचें आमचें आम्हांसच भय वाटलें.

आजीनें मनीला जुन्या लुगड्यांत गुंडाळलें आणि तिचें दुःख पाहवेना म्हणून घरांतील पॅरासिटामॉलची गोळी कुटून दुधांतून देण्याची तयारी केली. सुदैवानें आईनें आधीं नांदेडच्या एका पशुवैद्यांस फोन करून विचारलें. ते म्हणाले, "ती गोळी मुळींच देऊं नका. माणसास उतार देणारें तें औषध मांजरास विष होतें. तें पचवून टाकण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फार थोडी असते. तिला तशीच घेऊन या."

भर पावसांत आम्ही सारे तिकडे गेलों. क्ष-किरणांच्या चित्रांत हाडाचा चुरा झालेला स्पष्ट दिसत होता. डॉक्टरांनीं जखम नीट न्याहाळली व विचारलें, "कुत्र्याचे दांत तर कोठेंच दिसत नाहींत. खरें काय घडलें तें मला कळलें पाहिजे. चावा असेल तर रेबीजचा विचार करावा लागेल, आणि तिला हाताळणाऱ्या तुम्हां सर्वांचाहि." आतां गप्प राहणें म्हणजे आजीलाहि फुकट सुया टोंचून घ्यावयास लावणें होतें. मान खालीं घालून आम्हीं फाटकाची हकीकत सांगितली. बाबा रागावतील असें वाटलें होतें. त्यांनीं फक्त आमच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात रागावण्याहून जड वाटला.

पाय वांचणार नव्हता. बरोबर आलेले शेजारचे काका म्हणाले, "तीन पायांचें मांजर जगून तरी काय करणार? एक सुई देऊन सोडवा बिचारीला." आजीनें लागलीच कानांवर हात ठेवले, मांजर मारलें तर सोन्याचें मांजर घेऊन काशीस जावें लागतें, अशी तिची श्रद्धा. परंतु डॉक्टरांनीं जें सांगितलें त्यानें निकाल लागला. मांजराच्या शरीराचा अधिक भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळें मागचा एक पाय गेला तरी तें चालूं, धांवूं व चढूं शकतें. विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयाकडे कुबड्या घेऊन जाणारीं माणसें आम्ही नित्य पाहतों. माणसाचा एक पाय जाणें म्हणजे अर्धा आधार जाणें. अशा माणसांसाठीं जयपूर येथें 1968 च्या सुमारास रामचंद्र शर्मा ह्या कारागिरानें व डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनीं प्रसिद्ध 'जयपूर पाय' तयार केला. मनीला मात्र तसल्या पायाची गरज पडणार नव्हती.

दुसऱ्या दिवशीं भूल देऊन पाय मांडीच्या मुळाजवळून काढला. एवढा वरून कां, असें आम्हीं विचारलें. अर्धवट तुकडा ठेवला तर मांजर तोच टेंकूं पाहतें व तेथें पुन्हां पुन्हां जखम होते, असें उत्तर मिळालें.

घरीं तिच्यासाठीं एक लहान खोली मोकळी केली. टाके चाटूं नयेत म्हणून तिच्या गळ्यांत रुंद पट्टा बांधला होता. विधीसाठीं उथळ परात ठेविली. वाळूचे कण जखमेस चिकटूं नयेत म्हणून तींत पहिले कांहीं दिवस वर्तमानपत्राचे तुकडे घातले. बारा दिवसांनीं टाके निघाले. परंतु मनी कोपरा सोडीना. दोष आमचाच होता. अपराधाच्या भावनेनें आम्ही तिला क्षणभरहि खालीं ठेवीत नव्हतों. दूध तोंडापाशीं, परात पोटापाशीं. खिडकींत न्यावयाची तर उचलूनच.

डॉक्टर म्हणाले, "पाय एक गेला आहे, तीन राहिले आहेत. त्या तिघांना काम करूं द्या. आणि फार खाऊं घालूं नका; वजन वाढलें तर तो भार ह्याच तीन पायांवर पडेल."

मग आम्हीं गुळगुळीत फरशीवर गोणपाट अंथरलें, वाटी दोन हात दूर सरकविली, आणि तिच्या आवडत्या खिडकीखालीं एक पाट, एक खोकें व एक स्टूल अशा पायऱ्या रचल्या. पहिल्या दिवशीं ती तीन वेळां डाव्या अंगावर कोलमडली. आम्ही धांवलों तों आईनें आमचा हात धरून ठेविला. तिला पडलेली पाहत नुसतें बसून राहणें ही आम्हांस झालेली खरी शिक्षा. महिन्याभरानें एके सकाळीं पाहतों, तों बाईसाहेब खिडकींत बसून चिमण्यांकडे टक लावून आहेत!

आज मनी अंगणांत धांवते, आंब्याच्या बुंध्यावर चार हात चढते. उतरतांना मात्र अंमळ विचार करिते. एक गोष्ट तिला साधत नाहीं. डावा कान खाजला कीं ती मान तिरपी करिते आणि जो पाय नाहीं, त्याच्या जागेवरील स्नायु भरभर हलूं लागतात. कान तसाच राहतो. त्या वेळीं आम्ही पुस्तक बाजूस ठेवून तिचा कान बोटानें खाजवितों. ती डोळे मिटून घेते. एवढ्या एका कामासाठीं तिला आमची गरज आहे, बाकीचें तिचें ती पाहते.

फाटक मात्र आतां आम्ही मागें वळून पाहिल्याखेरीज लावीत नाहीं.