एक दिवसाआड पाणी
सासूबाईंना जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा ते आम्ही वयावर ढकललं. मग आडवं पडलं की जीव घाबरा व्हायला लागला आणि त्या तीन उशा लावून बसल्या बसल्या झोपू लागल्या. एक्स-रेत उजवी बाजू खालून निम्मी पांढरी होती. छातीत पाणी.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी आठवतो. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी खडखडीत बरे झालेले दोघे-तिघे शेजारणीने लगेच सांगितले. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन आठ वर्षं झाली होती, त्यामुळे आम्ही तर टीबीच निघू दे म्हणून देवाला साकडं घातलं होतं.

सोनोग्राफीत जागा पक्की करून, स्टुलावर उशी ठेवून त्यांना पुढे वाकवलं. पाठीत भूल दिली आणि बरगडीच्या वरच्या कडेने सुई घातली, कारण खालच्या कडेला रक्तवाहिनी आणि नस असते. पाणी लालसर आलं. सव्वा लिटर झालं, त्यांना खोकला सुटला आणि डॉक्टरांनी हात आवरला. दबलेलं फुप्फुस एकदम फुगलं तर त्यालाच सूज येऊ शकते. त्या रात्री सासूबाई एका उशीवर झोपल्या.

रिपोर्टमध्ये एडीए कमी होतं, म्हणजे टीबीची शक्यता कमी. पण कॅन्सरच्या पेशीही दिसल्या नव्हत्या. घरात पेढे यायचेच बाकी होते. डॉक्टर मात्र म्हणाले, पहिल्या नमुन्यात त्या पुष्कळदा निसटतात. पाणी पुन्हा भरलं, दुसऱ्यांदा जास्त नमुना पाठवला, त्यात सापडल्या. त्या पेशींवर हार्मोनच्या रिसेप्टरची तपासणीही नव्याने झाली. आठ वर्षांत तो गुणधर्म बदललेला असू शकतो आणि औषध त्यावरच ठरतं. आमच्या नशिबाने गोळीवर भागलं.

नातेवाइकांचा एकच सल्ला: पाणी कमी पाजा. मी वैतागून गेले. हे पाणी फुप्फुसाच्या आतही नसतं. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधल्या फटीत साचतं. निरोगी माणसाच्या त्या फटीत जेमतेम दोन-तीन चमचे असतं, झिरपतं आणि शोषलं जातं. कॅन्सर झिरपणं वाढवतो आणि निचरा बुजवतो. तहानेने व्याकूळ करून काय साधणार?

पुढचा बेत टाल्कची पूड आत सोडून त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे चिकटवण्याचा होता. पण पाणी काढल्यावरच्या एक्स-रेत फुप्फुस पुरतं उघडलेलं दिसलं नाही. पडदे एकमेकांना टेकणारच नसतील तर चिकटणार कसे? म्हणून कातडीखालून नळी बसवली. महाग पडली, पण दर वेळी टोचून घेण्यासाठी होणाऱ्या दवाखान्याच्या खेपा वाचल्या. नर्सने शिकवलं तसं साबणाने हात धुऊन मी घरीच बाटली जोडते. दुखलं किंवा खोकला आला की थांबायचं. "नगरपालिकेसारखं झालं गं, एक दिवसाआड पाणी," असं सासूबाईच म्हणाल्या.

आकडे कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. लागोपाठ तीन वेळा ५० मिलीच्या आत आलं तर नळी काढायचा विचार करता येईल, असं डॉक्टर म्हणतात. परवा १८० आलं. सासूबाईंची तक्रार वेगळीच आहे: ड्रेसिंग भिजू द्यायचं नाही, त्यामुळे अंगावर मोकळेपणाने तांब्या ओतता येत नाही.