पाण्याची कटकट

गांधीनगरजवळच्या भाट गावात प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे ‘आदित्य’ नावाचा टोकामॅक आहे. टोकामॅक म्हणजे चुंबकांनी वेढलेलं, मेदुवड्याच्या आकाराचं पोलादी भांडं. सूर्यात हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन ऊर्जा देतात. तसं पृथ्वीवर कधीतरी जमावं, म्हणून इथे हायड्रोजन तापवून त्याच्या प्लाझ्माचा अभ्यास करतात. १९८९पासूनचं हे यंत्र पुढे खोलून नव्याने बांधलं, आणि डिसेंबर २०१६मध्ये ‘आदित्य-यू’ या नावाने त्यात पहिला प्लाझ्मा आला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आम्ही मुरुमकरही टँकरकडेच डोळे लावून होतो. त्यामुळे दुरुस्तीनंतर टोकामॅक सुरू करतानाची मोठी कटकट म्हणजे पाणी, हे वाचून मला हसूच आलं. तिथे ते जास्त होतं!

भांडं उघडलं की हवेतली वाफ आतल्या भिंतींना चिकटते. दिसत नाही, हाताला लागत नाही. पण प्लाझ्मात मिसळली की तिच्यातला ऑक्सिजन उष्णता प्रकाशाच्या रूपाने बाहेर फेकतो आणि प्लाझ्मा थंड पडतो. म्हणून आधी पंप लावून आतला दाब बाहेरच्या हवेच्या अब्जाव्या भागाहूनही खाली आणायचा. मग भिंती भाजून काढायच्या. जर्मनीतल्या वेंडेलस्टाइन ७-एक्स या यंत्रात १५० अंशांपर्यंत. मग मंद विद्युत झोत तासन्‌तास चालवून भिंती घासायच्या. ‘आदित्य’मध्ये लिथियमचा पातळ लेप देऊनही पाहिला आहे. चुंबकांची चाचणी वेगळीच.

आणि गळती शोधायची. जोडांवर बाहेरून हेलियम फवारायचा; आतल्या उपकरणाला हेलियम दिसला की फट तिथेच.

हे मी अण्णांना सांगितलं. ते साखर कारखान्यात फिटर.

“मग आमच्या पॅनसारखंच की,” ते म्हणाले. पॅन म्हणजे रस आटवायचं बंद भांडं. तिथेही व्हॅक्यूम लागतो, नाहीतर रस जास्त तापून साखर काळवंडते. “आम्ही मेणबत्ती धरतो जोडाला. ज्योत आत वढली गेली की गावली गळती.”

पट्टा पडला की कारखाना बंद, म्हणजे कामगार रिकामे, असं लहानपणी वर्गातली पोरं म्हणायची. अण्णा मात्र अख्खा उन्हाळा पाइपांत डोकं घालून असायचे. आमच्या आयटीत तरी वेगळं काय? रिलीजच्या रात्री पिझ्झा येतो, फोटो निघतात. आधीच्या तीन आठवड्यांच्या टेस्टिंगचा फोटो कुणाकडे नसतो. जानेवारी २०२५मध्ये चीनच्या ‘ईस्ट’ने १,०६६ सेकंद प्लाझ्मा टिकवला, तेव्हाही बातम्यांत सेकंदच होते. पंप नव्हते, भाजणं नव्हतं.

“एवढं करून तुमचं ते चालतंय किती वेळ?” अण्णांनी विचारलं.

“आदित्यमध्ये? एका खेपेला सेकंदभरसुद्धा नाही.”

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

“अन् गळती नसताना?”

“तेव्हाच तेवढं चालतं.”

“हां,” म्हणाले. मग थोड्या वेळाने, “तो हेलियम कितीला मिळतोय बघ की. आमचा तीन नंबरचा पॅन लई तरास देतोय.”