क्लच कुठला?

तर झालं असं, की गेल्या रविवारी चढावर बीटल नुसतीच गुरगुरली. इंजिनाचा आवाज वाढतोय, गाडी मात्र तेवढीच. क्लच स्लिप मारतोय हे कळायला मेकॅनिक लागत नाही. केबल जरा सैल करून पाहिली, फरक शून्य. म्हणजे प्लेट संपली.

प्लेट मागवायची तर पहिला प्रश्न हाच, की क्लच कुठला? आणि या प्रश्नाशी माझी जुनी ओळख आहे.

२००९ साली आई-बाबा सहा महिन्यांसाठी इथे सॅन होजेला आले होते. बाबा एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आई आठवडाभरात रुळली. बाबा मात्र खिडकीशी बसून असत. मी ऑफिसातून आलो की "आज काय केलंत?" विचारायचो, ते "काही नाही" म्हणायचे. झालं संभाषण.

त्याच सुमाराला मी ही १९६९ ची बीटल घेतली होती आणि तिचा क्लच गेला होता. मी गाडीचं साल टाकून आख्खा सेट मागवला. बाबा म्हणाले, "अरे, आधी उघडून बघ, मग मागव." मी म्हणालो, "बाबा, इथे सगळं सालाप्रमाणे मिळतं. एस.टी.सारखं नसतं." ते गप्प बसले. बोलून गेलो खरा, पण बरं वाटलं नाही.

शनिवारी इंजिन उतरवलं. बीटलचं इंजिन मागे, गिअरबॉक्सला चार बोल्टांवर धरलेलं. दोघांनी मिळून जॅकवर खाली घेतलं. बाबांनी चष्मा पुसला आणि आधी फ्लायव्हीलचे दाते मोजायला घेतले. एका दाताला खडूची खूण करून, एकेक. १३०! म्हणजे बारा व्होल्टवाली, २०० मिलिमीटरची प्लेट. जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांना १०९ दाते आणि १८० ची प्लेट. इथवर माझा सेट बरोबर होता. १९६८ पासून क्लच पेडलच नसलेली ऑटोस्टिकही निघाली होती, पण आमच्या गाडीला तीन पेडल, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.

मग त्यांनी टॉर्च गिअरबॉक्सच्या तोंडात मारला. "इकडे ये. शाफ्टवर ही नळी दिसते? बेअरिंग हिच्यावरून सरकतं. आता तुझी नवी प्रेशर प्लेट आण."

नव्या प्लेटच्या मधोमध एक गोल रिंग होती. उतरवलेल्या जुन्या प्लेटला ती नव्हतीच, तिथे बेअरिंग थेट बोटांवरच दाबत होतं. रिंगवाली प्लेट १९७० पर्यंतच्या गाड्यांची, नळी आणि बिनरिंगची प्लेट १९७१ पासूनची. माझी गाडी १९६९ ची होती, पण पोटातला गिअरबॉक्स कुणीतरी नंतरचा बसवला होता! तसाच जोडला असता तर बेअरिंग आणि प्लेटचा मेळच बसला नसता, आणि इंजिन पुन्हा उतरवावं लागलं असतं.

मला वाटलं आता ऐकवतील. ते एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षांत किती हात लागले असतील गाडीला. कागद पहिल्या दिवसाचा असतो रे."

सेट बदलून आला तोवर आठ दिवस गेले. ते आठही दिवस बाबा गॅरेजमधे होते. मी आलो की आपणहून बोलायचे. दापोडीच्या गोष्टी, चेसिसवर बॉडी कशी चढायची, नवीन पोरांना पहिले सहा महिने नुसते पार्ट धुवायला का लावायचे... यातलं निम्मं मी आधी कधी ऐकलंच नव्हतं. खरं तर विचारलंच नव्हतं.

बाबा २०१८ साली गेले.

असो. परवा ऑर्डर देण्याआधी गॅरेजच्या फळीवरून तो जुना खोका काढला. झाकणाच्या आतल्या बाजूला, बॉलपेनने, वर्कशॉपच्या जॉब कार्डावर लिहावं तशा सुटसुटीत अक्षरात :

"दाते १३०. प्लेट २०० मि.मी. गिअरबॉक्सला नळी आहे. बिनरिंगची घेणे."

आणि खाली, "तरी उघडून बघणे."

येत्या शनिवारी इंजिन उतरवणार आहे. मुलगी टॉर्च धरते म्हणाली आहे. सेट अजून मागवलेला नाही.