भूगोलानं भागत नाही

अज्ञान हा आजार आणि भूगोल हे त्यावरचं औषध, असं ईशान्य भारतातल्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानियाम या विद्यार्थ्याच्या केसांची टिंगल झाली, तिच्यातून मारहाण झाली आणि तो पोरगा जिवानिशी गेला. मग बेझबरुआ समिती बसली. वंशावरून अपमान करणं हा गुन्हा ठरवा आणि ईशान्येचा इतिहास शाळांत शिकवा, असं तिनं सुचवलं. दुसरी शिफारस मला लगेच पटली; पहिली जरा अतीच वाटली. टोमण्यापायी पोलीस कशाला? माहिती झाली की माणसं आपसूक सुधारतील.

माहिती तर झाली. त्याच वर्षी मेरी कोमवर सिनेमा आला, घरोघरी पाहिला गेला. तरी मार्च २०२० मध्ये तशाच चेहऱ्यांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या. असं होऊ देऊ नका, हे केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना लेखी कळवावं लागलं. पुढच्या वर्षी टोकियोत मीराबाई चानूनं रौप्यपदक मिळवल्यावर पुन्हा आपण सगळे खूश.

पण माझं मत खरं हललं ते पुण्यातल्या आमच्या सोसायटीत. सोसायटीच्या समितीतले एक सर निवृत्त भूगोल-शिक्षक. ईशान्येची आठही राज्यं राजधान्यांसकट एका दमात सांगतील, काझीरंगा पाहून आलेले, आणि मनानं खरंच सज्जन. इंफाळचं एक जोडपं भाड्यानं राहायला आलं. पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी सगळ्यांनाच करावी लागते, तीही केली. सरांनी वर पासपोर्ट मागितला. त्याच आठवड्यात आलेल्या नागपूरकरांचं आधारवर भागलं होतं. इंफाळ कुठे आहे हे सरांना कुणी शिकवायचं? त्यांना नकाशा पाठ होता. चेहरा दिसला की तो आठवत नव्हता, इतकंच.

तेव्हापासून मी बेझबरुआ समितीच्या त्या पहिल्या शिफारशीच्या बाजूनं आहे. मारणाऱ्याला, थुंकणाऱ्याला तिचा धाक राहील. पासपोर्ट मागणारे सर मात्र तिच्यात सापडणार नाहीत, आणि सापडावेत असंही मला वाटत नाही. म्हणून सोसायटीच्या बैठकीत मी एवढंच सुचवलं, की कागदपत्रांची एकच छापील यादी करा आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तीच द्या. सरांनीच अनुमोदन दिलं. ‘आजवरही कोणालाच वेगळी वागणूक दिलेली नाही,’ हे वाक्य मात्र त्यांनी आग्रहानं इतिवृत्तात घालून घेतलं.